म्हातारपणाचा श्वास आणि औषधांची चाळणी

इतिहासाचे व्याख्यान आहे असे कळले, की आपल्याकडचा श्रोता शिवकाळात नाहीतर पेशवाईत जाण्याची तयारी करूनच घरून निघतो. आज आम्ही त्याला इतक्या दूर नेणार नाही. त्याच्याच घरात, भिंतीवरच्या खुंटीला किंवा पलंगाच्या उशाशी वडीलधाऱ्यांच्या औषधांची जी पिशवी लटकत असते, तिच्यापर्यंतच नेणार आहोत. त्या पिशवीत रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, धाप लागली तर ओढायचा पंप असतो, गुडघ्यांसाठी शेजारच्यांनी सुचविलेली एक गोळी असते, आणि झोप येत नाही म्हणून कधी काळी सुरू झालेली व पुढे कोणीच न थांबविलेली आणखी एक असते. चिठ्ठ्या तीन-चार डॉक्टरांच्या. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असेलही. पण औषधे काही वेगवेगळ्या पोटांत जात नाहीत.

या पिशवीकडे एकत्र नजरेने कोणी पाहावे, कोणत्या नियमाने पाहावे, आणि तसे पाहिल्याने म्हाताऱ्या माणसाचे खरोखर भले होते की नाही हे कसे ठरवावे, या प्रश्नांना आता साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला गेला. तांदूळ निवडताना खडे किती निघाले हे लगेच मोजता येते. जेवणाऱ्याचा दात वाचला की नाही, हे पंगत उठल्यावर कळते. औषधांच्या चाळणीच्या बाबतीत पुष्कळ वर्षे लोकांनी खडेच मोजले, असे आमचे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच. उदाहरणाला आम्ही फुफ्फुसाचे रोगी असलेले वृद्ध घेतले आहेत. कारण एकच औषध हृदयाला तारते आणि श्वासाला मारते, असा पेच त्यांच्याइतका दुसऱ्या कोणापुढे क्वचितच पडतो.

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरला पाहिजे. मराठीत धाप लागणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला 'दमा' असतो. वैद्यकाच्या दृष्टीने येथे दोन वेगळी दुखणी आहेत. खऱ्या दम्यात श्वासनलिका एकाएकी आवळतात आणि औषधाने, कधी आपोआपही, पुन्हा मोकळ्या होतात. दुसऱ्या दुखण्यात धुराने वर्षानुवर्षे पोळलेल्या नलिका कायमच्याच अरुंद होऊन बसतात. त्याला डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांनी सीओपीडी म्हणतात. हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, असा समज जगभर होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज मांडला आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखविले. चुलीपुढे जन्म काढलेल्या आपल्या आज्या त्यांत येतात. दोन दुखण्यांचा हा फरक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

कथेची सुरुवात १९५६ पासून करू. त्या साली अमेरिकेत रायकर नावाच्या कंपनीने औषधाची मोजकी मात्रा फवाऱ्याने सोडणारा पंप बाजारात आणला. कंपनीच्या अध्यक्षांच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही, असे वडिलांना विचारले आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी हकीकत सांगतात. पंपातले एक औषध आयसोप्रेनालीन हे होते. श्वासनलिकेच्या स्नायूंवर आणि हृदयावर एकाच कुळातली काही कुलुपे असतात. वैद्यकात त्यांना 'बीटा' असे नाव आहे. आयसोप्रेनालीनची किल्ली दोन्हींना लागे. नलिका उघडत, पण हृदयही धावत सुटे.

ब्रिटनमध्ये हा पंप खूप खपला. साधारण १९६० पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्यांची संख्या वाढू लागली, आणि १९६८ साली स्पायझर, डॉल आणि हीफ यांनी मृत्यूंच्या नोंदी चाळून जे दाखविले ते भयंकर होते. १० ते १४ वर्षांच्या मुलांत दम्याचे मृत्यू सात वर्षांत जवळजवळ आठपट झाले होते. कारणांबद्दल वाद झाले, आणि ते सर्वस्वी मिटले असेही नाही. पण ब्रिटनमध्ये एका फवाऱ्यात पाचपट मात्रा देणारा जो जोरकस पंप मिळे, तो अमेरिकेत विकला जात नव्हता आणि तेथे मृत्यूंची अशी लाट आलीही नाही, ही गोष्ट पॉल स्टॉली यांनी १९७२ मध्ये पुढे आणली. १९६७ च्या जूनमध्ये ब्रिटिश डॉक्टरांना इशारा गेला. १९६८ च्या अखेरीस हा पंप चिठ्ठीशिवाय मिळेनासा झाला. खप उतरला आणि मृत्यूही उतरले.

हा म्हाताऱ्यांचा इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. पण औषधाच्या सुरक्षिततेचा आधुनिक विचार येथून समजतो म्हणून तो सांगितला. आपल्या दवाखान्यात बसलेल्या कोणाही एका डॉक्टरला ही लाट दिसणे शक्य नव्हते. वर्षाकाठी एखादा मृत्यू त्याच्या वाट्याला येणार, आणि दम्याने माणसे मरतातच, असे म्हणून तो स्वस्थ बसणार. लाट दिसली ती हजारो नोंदी एकत्र ठेवणाऱ्याला. थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर १९६३ मध्ये सर डेरिक डनलॉप यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समिती नेमली गेली होती, आणि १९६४ पासून डॉक्टरांनी औषधाचा अपाय पिवळ्या कार्डावर लिहून पाठवावा अशी सोय झाली होती. १९६७ चा इशारा याच समितीचा.

याच सुमारास दुसरी किल्ली घडत होती, किंवा कुलूप बुजविणारे मेण म्हणा. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने हृदयाची बीटा-कुलुपे बंद करणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडविले. छातीत कळ येणाऱ्या रोग्यांना ते वरदान ठरले, आणि ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण हृदयाचे कुलूप बंद करताना फुफ्फुसाचेही बंद होणार, हे उघड होते. १९६४ मध्येच दमेकऱ्यांना हे औषध दिले तर नलिका आवळतात, असा अहवाल प्रसिद्ध झाला. तेव्हापासून वैद्यकीय महाविद्यालयांत एक नियम घोकला जाऊ लागला: धाप लागणाऱ्याला बीटा-ब्लॉकर देऊ नये. नियमात दमा आणि सीओपीडी एकाच दावणीला बांधले गेले. आपल्या मराठीने जो घोळ केला, तोच विलायती वैद्यकानेही केला, असे म्हणायला हरकत नाही.

नियम घोकलेला असला तरी तो चुकविणाऱ्या वाटा असतात. काचबिंदूवर टिमोलॉल नावाचे थेंब अमेरिकेत १९७८ पासून मिळू लागले. तेही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यात टाकलेला थेंब नाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून रक्तात उतरतो, आणि दमेकऱ्याला त्याने धाप लागते. काही मृत्यूही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक होते, वय ७८. सहा महिने त्यांची धाप वाढत चालली होती. पंप बदलला, गोळ्या बदलल्या. शेवटी एका तरुण डॉक्टरने सगळी औषधे घेऊन या म्हणून सांगितले. गुरुजींनी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यांत थेंब नव्हते. डोळ्यांत काही घालता का, असे विचारल्यावर म्हणाले, "घालतो की, पण ते कुठं औषध आहे? ते डोळ्याचं आहे." थेंबांची बाटली देवघराच्या फडताळात राहत असे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि गुरुजी पुन्हा जिना चढू लागले. कोणतीही चाळणी पिशवीत जे आहे तेच चाळते, ही अडचण आम्हांला त्या दिवशी कळली.

आता 'चाळणी' या कल्पनेकडे वळू. रोग होण्याआधीच किंवा लक्षणे दिसण्याआधीच निरोग्यांतून रोगी निवडून काढावे, ही कल्पना क्षयासाठी गावोगाव छातीच्या क्ष-किरण तपासण्या होत त्या काळापासून लोकप्रिय होती. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर यांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अशी तपासणी केव्हा करावी याच्या दहा कसोट्या आहेत. तिच्यावर खरा अंकुश ठेवला तो मात्र आर्ची कॉक्रन यांनी. हा मनुष्य दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना कैद्यांचा डॉक्टर होता, आणि युद्धानंतर वेल्समधल्या कोळसाखाणींतील मजुरांच्या फुफ्फुसांत साचलेल्या धुळीचा अभ्यास करीत खोऱ्याखोऱ्यांतून हिंडला. १९७१ मध्ये वॉल्टर हॉलंड यांच्याबरोबर लिहिताना त्यांनी एक नैतिक भेद मांडला, तो आमच्या विषयाचा पाया आहे. रोगी आपण होऊन डॉक्टरकडे आला, तर डॉक्टर आपल्या ज्ञानाप्रमाणे शक्य ते करील आणि ज्ञान अपुरे असल्याचा दोष त्याला कोणी देणार नाही. पण डॉक्टर जेव्हा आपण होऊन माणसाच्या दारी जातो आणि 'तुला तपासू दे' म्हणतो, तेव्हा त्या तपासणीने त्याचे भले होते याचा पुरावा डॉक्टरच्या खिशात आधीपासून असला पाहिजे.

औषधांच्या चाळणीने हे ऐकले काय? पुष्कळ वर्षे नाही.

पहिली नामांकित चाळणी अमेरिकेतली. मार्क बीअर्स हे वृद्धांचे डॉक्टर. शुश्रूषागृहांत ठेवलेल्या म्हाताऱ्यांना झोपेची आणि गुंगीची औषधे किती सढळ हाताने दिली जातात, हे त्यांनी पाहिले होते. १९९१ मध्ये त्यांनी १३ तज्ज्ञांची मते फेऱ्याफेऱ्यांनी गोळा करून, वृद्धांना कोणती औषधे टाळावीत याची ३० कलमी यादी तयार केली. १९९७ मध्ये ती शुश्रूषागृहांबाहेरच्या वृद्धांसाठीही वाढविली गेली, आणि अमुक रोग असेल तर अमुक औषध टाळा, अशी कलमे तिच्यात आली. सीओपीडीपुढे लिहिले होते: बीटा-ब्लॉकर आणि झोपेची औषधे. १९९९ पासून सरकारी निरीक्षक शुश्रूषागृहे तपासताना ही यादी हाती घेऊ लागले. तज्ज्ञांच्या मतांची यादी आठ वर्षांत निरीक्षकाच्या हातची छडी झाली. त्या यादीने कोणाचा जीव वाचला, हे तोवर कोणी प्रयोग करून पाहिले नव्हते.

आणि येथेच इतिहासाने एक वळण घेतले. १९९८ मध्ये, म्हणजे यादीत ते कलम आल्यानंतर वर्षभरातच, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये गॉटलिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०१,७५२ रोग्यांच्या नोंदींचा निष्कर्ष छापला. झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर मिळालेले लोक अधिक जगले. त्यांत सीओपीडीचे रोगीही होते. नियमाप्रमाणे ज्यांना हे औषध द्यायचेच नाही, ते. त्यांच्यातही औषध मिळालेल्यांचे मृत्यू न मिळालेल्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते. ही नोंदींची पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नव्हता. डॉक्टरांनी त्यातल्या त्यात धडधाकट रोग्यांनाच औषध दिले असेल, ही शंका घ्यायला जागा आहे. तरीही तीन दशके घोकलेल्या नियमाला त्याने भगदाड पडले. पुढे साल्पीटर यांनी छोटे छोटे प्रयोग एकत्र करून दाखविले, की मुख्यतः हृदयाच्याच कुलुपाला लागणारे निवडक बीटा-ब्लॉकर सीओपीडीच्या रोग्याच्या श्वासात लक्षात येण्याजोगा बिघाड करीत नाहीत.

२००३ मध्ये बीअर्स-यादी सुधारली गेली, तेव्हा सीओपीडीपुढे सरसकट शब्द जाऊन 'प्रोप्रॅनोलॉल' हे नेमके नाव आले. कागदावर एका शब्दाचा फरक. पण मधल्या काळात किती म्हाताऱ्यांची हृदये केवळ धाप लागते म्हणून औषधावाचून राहिली असतील, याचा हिशेब कोणत्याही चाळणीच्या वहीत नाही. औषध दिल्याने झालेला अपाय रोग्याच्या अंगावर दिसतो, त्याच्यावर पिवळे कार्ड भरता येते. औषध न दिल्याने झालेला मृत्यू 'हृदयविकार' म्हणून नोंदला जाऊन विसरला जातो. सावधगिरीलाही बळी पडतात, ही गोष्ट आमच्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत कमी बोलली गेली.

उलट्या बाजूचा अतिरेकही होऊ शकला असता. बीटा-ब्लॉकर इतके गुणकारी, तर ते सीओपीडीवरच औषध म्हणून का देऊ नये, असा विचार पुढे आला. २०१९ मध्ये अमेरिकेत हृदयासाठी औषधाची गरज नसलेल्या ५३२ रोग्यांवर मेटोप्रोलॉलचा प्रयोग झाला. रोगाचे झटके लांबले नाहीत. उलट झटका तीव्र होऊन रुग्णालयात जाण्याचे प्रमाण वाढले आणि प्रयोग वेळेआधी थांबवावा लागला. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या प्रयोगात बिसोप्रोलॉलनेही झटके कमी केले नाहीत, पण अपायही वाढविला नाही. आज जाणकारांचे म्हणणे असे: सीओपीडी असला तरी हृदयाला गरज असेल तर निवडक बीटा-ब्लॉकर द्यावा, गरज नसेल तर देऊ नये, आणि खरा दमा असेल तर फार जपून असावे. आता 'दमा' या आपल्या ऐसपैस शब्दाची किंमत लक्षात येईल. केसपेपरवर तो शब्द चुकीचा पडला, की चाळणी चुकीच्या माणसाला अडविते आणि चुकीच्या माणसाला सोडते.

'न दिल्याचा' दोषही मोजला पाहिजे, हे आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या डॉक्टरांना सुचले. २००८ मध्ये गॅलघर, ओमॅहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन याद्या केल्या: एक थांबविण्याची, ६५ कलमांची, आणि एक सुरू करण्याची, २२ कलमांची. फुफ्फुसाची कलमे वाचण्यासारखी आहेत. सीओपीडीवर एकटे थिओफिलीन देऊ नका, म्हणतात. कारण त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे, म्हातारपणी ते शरीरातून सावकाश जाते, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक जोडीला आले की रक्तातले प्रमाण एकदम चढते. आपल्याकडे डेरिफायलीन या नावाने घरोघर ठाऊक असलेल्या गोळीत हेच असते, म्हणून मुद्दाम सांगितले. कायमच्या उपचारासाठी पंपातून स्टेरॉइड द्यायचे सोडून पोटातून देऊ नका, हे दुसरे. आणि सुरू करण्याच्या यादीत: नलिका उघडणारा पंप दिला आहे ना, रक्तात प्राणवायू फार कमी असणाऱ्याला घरी प्राणवायू दिला आहे ना, हे पाहा. ही यादी २०१५ मध्ये ११४ कलमांची झाली आणि २०२३ मध्ये १९० कलमांची. याद्या वाढतात, हा त्यांचा स्वभावच दिसतो.

मग एकदाचे कॉक्रन यांच्या प्रश्नाकडे लोक वळले. इंग्लंडमध्ये अँथनी एव्हरी यांनी ७२ दवाखाने घेतले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना संगणकाने काढलेली धोक्यातल्या रोग्यांची यादी मिळाली. दम्याची नोंद असूनही बीटा-ब्लॉकर चालू असलेले लोक तिच्यात होते. एका गटाला नुसती यादी. दुसऱ्या गटात यादीबरोबर एक औषधतज्ज्ञ दवाखान्यात जाऊन बसला, डॉक्टरांशी बोलला, एकेक नाव त्यांच्याबरोबर निकालात काढू लागला. निष्कर्ष २०१२ मध्ये आला. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात दमेकऱ्यांना बीटा-ब्लॉकर मिळण्याची शक्यता सुमारे चतुर्थांशाने कमी होती, आणि पोटात व्रण होऊन गेलेल्यांना सांधेदुखीच्या गोळ्या देण्याची चूक त्याहूनही अधिक घटली होती. पुढे हाच उपक्रम शेकडो दवाखान्यांत पोचला. मात्र हे सारे खडेच होते. चिठ्ठीवरच्या चुका घटल्या. माणसे कमी आजारी पडली का, हे सांगण्याइतका तो प्रयोग मोठा नव्हता.

ते पाहण्याचे काम कॉर्ककरांनी केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णालयात दाखल झालेले ७३२ वृद्ध होते. एक डॉक्टर स्वतः यादीनुसार औषधे तपासी आणि उपचार करणाऱ्या सहकाऱ्यांना तोंडी व लेखी सांगे. औषधाने अपाय झालेल्यांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ११.७ वर आले. ही बातमी ऐकून साहजिकच कोणालाही वाटेल की आता हे काम यंत्राकडे द्यावे. तसेच झाले. युरोपातल्या सहा रुग्णालयांत १,५३७ रोग्यांवर संगणकाने सूचना छापून देण्याचा प्रयोग झाला. २०२० मध्ये आकडे आले: एका गटात अपाय २४.५ टक्के, दुसऱ्यात २४.८. डॉक्टरांनी संगणकाच्या सूचनांपैकी फारच थोड्या मानल्या होत्या. २०२१ मध्ये चार देशांतल्या २,००८ वृद्धांचा निकाल लागला. येथे डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ संगणकाच्या मदतीने एकत्र बसले होते, आणि ८६ टक्के रोग्यांच्या औषधांत काही ना काही दोष सापडला होता. पण वर्षभरात औषधामुळे पुन्हा रुग्णालयात यावे लागलेल्यांचे प्रमाण चाळणी लावलेल्यांत २१.९ टक्के, न लावलेल्यांत २२.४. फरक नगण्य. शंभरात ८६ जणांच्या तांदळात खडे, ते वेचलेही गेले, आणि दात पडायचे तितकेच पडले!

यावरून चाळणी फुकट गेली असे म्हणणारे आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. औषधे कमी करूनही त्या लोकांचे काही बिघडले नाही, ही गोष्ट लहान नाही. म्हाताऱ्याच्या पिशवीतली एक गोळी कमी होणे हेही सुखच आहे. पण हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या प्रयोगांत एखादा जाणता मनुष्य दुसऱ्या माणसापाशी जाऊन बसला, तेथे काहीतरी हलले. जेथे कागद छापून पुढे सरकविला गेला, तेथे तो फायलीत गेला. चार देशांच्या प्रयोगात दोन जाणते एकत्र बसूनही का भागले नाही, याचे आमचे उत्तर इतकेच, की रोगी रुग्णालयातून घरी गेला, पुन्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या दारात उभा राहिला, आणि कुठली गोळी का थांबली हे त्या डॉक्टरपाशी बसून सांगणारे बहुधा कोणी नव्हते.

शिवाय याद्यांना न दिसणारे असे काही आहे, आणि फुफ्फुसाच्या रोग्याच्या बाबतीत तेच मोठे आहे. चाळणी औषधाचे नाव पाहते, ते फुफ्फुसात पोचते की नाही हे पाहत नाही. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांत पंपाच्या वापरावर झालेले अभ्यास स्पेनमधल्या सांचिस यांनी २०१६ मध्ये एकत्र केले. पंप अचूक वापरणारे केवळ ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नाही. बोटांत संधिवात, श्वास आखूड, दाब आणि ओढ यांचा मेळ बसत नाही. औषध टाळूला आणि जिभेला लागून पोटात जाते. यादीवर मात्र 'पंप चालू' अशी बरोबरची खूण पडते. दुसरीकडे २००७ च्या ६,११२ रोग्यांच्या प्रयोगाने दाखविले, की सीओपीडीत पंपातून स्टेरॉइड मिळालेल्या गटात न्यूमोनिया वाढतो. नलिका उघडणारे औषध आणि स्टेरॉइड एकत्र घेणाऱ्यांत तीन वर्षांत १९.६ टक्के, नुसता पोकळ पंप घेणाऱ्यांत १२.३. त्याच औषधाने झटकेही कमी होतात. अशा औषधापुढे 'द्या' लिहावे की 'थांबवा'? माणूस पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्या गावात हे कोण करणार, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. इंग्लंडचा प्रयोग शक्य झाला, कारण तेथे प्रत्येक मनुष्य एका ठरलेल्या दवाखान्यात नोंदलेला असतो आणि त्याची सारी औषधे एका वहीत असतात. आपल्याकडे ती वही म्हणजे रोग्याच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. ती अगदीच टाकाऊ नाही; ती निदान रोग्याबरोबर हिंडते. घरातल्या सुनेने किंवा नातवाने सहा महिन्यांतून एकदा थेंब, मलमे, काढे आणि शेजाऱ्यांच्या गोळ्यांसकट ती एकाच डॉक्टरपुढे उपडी करावी, आजोबांना तेथेच पंप ओढून दाखवायला सांगावे, आणि दुखणे दमा आहे की सीओपीडी हे कागदावर लिहून घ्यावे, एवढे उद्यापासून होण्यासारखे आहे. कोणतीही गोळी मात्र स्वतःच्या अकलेने बंद करू नये. बीटा-ब्लॉकर तर एकाएकी तोडल्याने हृदय उसळते.

आणि उद्या एखाद्या संस्थेने वा नगरपालिकेने खरोखरच अशी चाळणी सुरू केली, तर तिच्या पहिल्या वार्षिक अहवालात 'इतक्या हजार चुका सापडल्या' हा आकडा ठळक अक्षरांत असेल, याबद्दल आम्हांला शंका नाही. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आम्ही मागतो: चाळणी लावलेल्या आणि न लावलेल्या तितक्याच वृद्धांपैकी वर्षभरात किती जण धाप लागून रुग्णालयात गेले, किती जण रात्री उठताना पडले, आणि थांबविलेल्या गोळ्यांपैकी किती गोळ्या सहा महिन्यांनी पुन्हा त्याच पिशवीत आल्या.